उपवासाबद्दल उपवास

रोमन सम्राट ऑगस्टस याच्या चरित्रात स्वेटोनियसने सम्राटाच्या एका खासगी पत्राचा मजकूर दिला आहे. टायबेरियसला लिहिलेल्या त्या पत्रात ऑगस्टस असे सांगतो की, आज आपण जितक्या कसोशीने उपास पाळला तितक्या कसोशीने शब्बाथाच्या दिवशी एखादा यहूदीही पाळीत नसेल. ज्या राजधानीत यहूदी लोकांची मोठी वस्ती होती तिच्या अधिपतीस शब्बाथ हा उपोषणाचा दिवस वाटावा, हे वाचून प्रथम नवल वाटते. परंतु शुक्रवारचा सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत ज्यांच्या घरी नवा विस्तव पेटत नाही, ज्यांचे दुकान उघडत नाही आणि ज्यांचा हात कोणत्याही कामाला लागत नाही, ते लोक त्या दिवशी अन्नावाचूनही राहत असतील, असा तर्क बाहेरून पाहणाऱ्याने केला तर त्यात अस्वाभाविक असे काही नाही. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलट होती. इ. स. ६६ मध्ये रोमविरुद्ध उसळलेल्या युद्धात गालिलातील यहूदी सैन्याचे नेतृत्व करणारा जोसेफस आपल्या आत्मचरित्रात तिबिर्या शहरातील एका शब्बाथाची हकीकत सांगतो, तीत सभा इतकी पेटली होती की तिचे पर्यवसान दंगलीत व्हावयाचे. पण तेवढ्यात दिवसाचा सहावा तास झाला, आणि शब्बाथाच्या दिवशी त्या वेळी भोजन करण्याचा दंडक असल्यामुळे सभा पांगली.

हा सहावा तास पुढे धर्मशास्त्रात कायमचा स्थिरावला. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे बारा समान भाग पाडले असता सहावा भाग संपतो तो मध्याह्न. आणि शब्बाथाच्या दिवशी मध्याह्नापर्यंत अन्न न घेता राहू नये, हा नियम यरुशलेमी तालमुदात आला असून तेथून तो पुढील सर्व विधिग्रंथांत उतरला आहे. अध्ययनात किंवा प्रार्थनेत मन रंगून गेले म्हणून जेवण राहिले, ही सबब चालत नाही. आणि उपवास करण्याचाच हेतू मनात धरला असेल तर मध्याह्नाची वाट पाहण्याचेही कारण नाही, कारण अशा हेतूने घटकाभरही उपाशी राहणे दोषास्पद होय. दिवस जितका पवित्र तितका त्या दिवशीचा उपवास पुण्यकारक, अशा समजुतीत वाढलेल्या आपल्या वाचकास ही व्यवस्था उफराटी वाटण्याचा संभव आहे. म्हणून तिचे मूळ थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील अठ्ठावन्नाव्या अध्यायाच्या अखेरीस, शब्बाथाला आनंद म्हणावे, अशी आज्ञा आहे, आणि याच एका वचनावर 'ओनेग शब्बात', म्हणजे शब्बाथाचा आनंद, ही सबंध कल्पना उभी आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्याच अध्यायाचा पूर्वार्ध उपवासाविषयी आहे. उपवासाच्या दिवशी मजुरांना राबवून घेणाऱ्या आणि भांडणतंटे करणाऱ्या लोकांची त्यात संदेष्ट्याने कठोर शब्दांत झडती घेतली आहे, आणि भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे हाच खरा उपवास, असे बजावले आहे. आनंद म्हणजे मनाची एखादी अमूर्त वृत्ती, एवढ्यावर शास्त्रकारांनी समाधान मानले नाही. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात, अरण्यात मिळणाऱ्या मान्न्याविषयी बोलताना मोशे एकाच वचनात 'आज' हा शब्द तीनदा उच्चारतो, त्यावरून शब्बाथाच्या दिवशी तीन भोजने झालीच पाहिजेत असा निर्णय तालमुदाने काढला: एक शुक्रवारी रात्रीचे, दुसरे शनिवारी सकाळच्या प्रार्थनेनंतरचे आणि तिसरे दिवस कलताना घ्यावयाचे. गरीब मनुष्यानेही आठवड्याच्या इतर दिवशी काटकसर करून ही तीन भोजने साधावीत, अशी अपेक्षा असे. निषेध तर तालमुदापूर्वीचाच आहे. यहूदीत नावाच्या वीर विधवेची कथा सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, वैधव्याच्या काळात ती रोज उपवास करी, पण शब्बाथ, त्याची पूर्वसंध्या, अमावास्येनंतरचा चंद्रदर्शनाचा दिवस आणि सण एवढे वगळून, असे मुद्दाम नमूद केले आहे; आणि 'यूबिलांचा ग्रंथ' या नावाने प्रसिद्ध असलेल्या दुसऱ्या एका जुन्या ग्रंथात तर शब्बाथाच्या दिवशी उपवास करणे देहान्ताच्या अपराधांत गणले आहे. तालमुदाने एवढी कठोर शिक्षा सांगितली नाही. त्याने या दोषाचा विचार अधिक सूक्ष्मपणे केला, आणि त्या सूक्ष्मपणातच या विषयाचे सारे स्वारस्य आहे.

सार्वजनिक उपवासांपुरता प्रश्न सोपा आहे. यहूदी पंचांगात यरुशलेमच्या विध्वंसाशी निगडित असे चार उपवास आहेत. त्यांपैकी आव महिन्याच्या नवमीचा, म्हणजे तिशा बआवचा, उपवास सर्वांत शोकपूर्ण, कारण इ. स. पूर्वी ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने पहिले मंदिर आणि इ. स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिर उद्ध्वस्त केले, त्या दोन्ही आपत्तींचे स्मरण या एकाच दिवशी केले जाते. एवढा मोठा राष्ट्रीय शोकदेखील शब्बाथापुढे तहकूब होतो. नवमी शनिवारी आली की त्या दिवशी मांस व द्राक्षारसासह नेहमीचे भोजन करावयाचे आणि उपवास रविवारी पाळावयाचा. २०२२ साली ६ ऑगस्टला असाच योग आला आणि उपवास सूर्यास्तानंतर सुरू होऊन ७ तारखेस पाळला गेला. तम्मूझच्या सतराव्या दिवसाचा आणि गदल्याच्या स्मरणाचा उपवासही असाच रविवारी ढकलला जातो, तर एस्तेरचा उपवास मागे घेऊन गुरुवारी धरला जातो. कोकणातील बेने इस्राएल समाज, ज्याला शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या चालीवरून शेजारीपाजारी 'शनवार तेली' म्हणत, तिशा बआवच्या उपवासास 'बिरड्याचा रोजा' म्हणे, कारण तो वालाच्या बिरड्यावर सोडण्याची रीत होती. या समाजात योम किप्पूर 'दरफाळणीचा सण' या नावाने ओळखला जाई, आणि शब्बाथाला मागे सारणारा उपवास हाच काय तो एक. लेवीय ग्रंथात त्या दिवसाला परमविश्रामाचा शब्बाथ असेच म्हटले असल्याने, तो शनिवारी आला तरी दोन शब्बाथांत विरोध उत्पन्न होत नाही. तेवेतच्या दहाव्या दिवसाविषयी, म्हणजे नबुखद्नेस्सराने यरुशलेमला वेढा घातला त्या दिवसाविषयी, चौदाव्या शतकातील सेव्हिलचे पंडित दावीद अबुद्रहाम यांनी, तो शनिवारी आला तर शनिवारीच पाळावा लागेल, असे मत दिले आणि सोळाव्या शतकातील संहिताकार योसेफ कारोंनी त्यास आधार सापडत नाही म्हणून आश्चर्य व्यक्त केले. सध्याच्या गणितानुसार तो दिवस शनिवारी येतच नाही, शुक्रवारी मात्र येऊ शकतो, आणि तसे झाले म्हणजे यहूदी मनुष्य उपाशीपोटीच शब्बाथात प्रवेश करतो.

खरा पेच आहे तो खासगी उपवासाचा, आणि तोही एकाच प्रसंगी उत्पन्न होणारा: शुक्रवारच्या रात्री पडलेल्या वाईट स्वप्नाचा.

स्वप्न हे येऊ घातलेल्या संकटाची सूचना असू शकते, ही समजूत प्राचीन जगात सार्वत्रिक होती आणि बाबिलोनच्या यहूदी विद्यापीठांतही ती होती. भुशाला जसा अग्नी, तसा वाईट स्वप्नाला उपवास, असे एक मत रव या आचार्यांच्या परंपरेतून तालमुदाच्या 'शब्बात' या प्रकरणात आले आहे. त्यावर रव हिस्दा यांनी पुस्ती जोडली की, हा उपवास त्याच दिवशी झाला पाहिजे. आणि पुम्बदिथाच्या विद्यापीठाचे प्रमुख, दृष्टी गमावलेले रव योसेफ, यांनी आणखी एक पाऊल टाकले: तो दिवस शब्बाथ असला तरीही. या तीन छोट्या विधानांतून कायद्याचा एक अत्यंत नाजूक प्रश्न उभा राहतो. सामान्य खासगी उपवास आदल्या दिवशीच्या सायंप्रार्थनेपूर्वी संकल्प करून स्वीकारावा लागतो, आणि अडचण आली तर तो दुसऱ्या दिवसावर टाकण्याची मुभा असते. स्वप्नाच्या उपवासास यांपैकी एकही नियम लागू नाही. त्याला पूर्वसंकल्प नको, कारण स्वप्न सांगून पडत नाही. आणि त्याला मुदतवाढ नाही, कारण भुसा वाऱ्यावर उडून गेल्यावर त्याला आग लावून उपयोग काय?

हा भेद तालमुदाने एका प्रसंगातून दाखविला आहे. रव इदी यांचे पुत्र रव यहोशुआ हे रव आशी यांच्या घरी पाहुणे म्हणून गेले. रव आशी म्हणजे बाबिलोनी तालमुदाच्या संकलनाचा बराच भार ज्यांनी वाहिला ते सुरा येथील थोर आचार्य. त्यांच्या घरच्यांनी पाहुण्यासाठी कोवळे वासरू शिजविले आणि आग्रह केला, तेव्हा पाहुण्याने आज आपला उपवास असल्याचे सांगितले. यजमानांनी शास्त्राचा आधार घेऊन विचारले की, आज जेवावे आणि तो उपवास उसना ठेवून दुसऱ्या दिवशी फेडावा, हा मार्ग आपणास मान्य नाही काय? त्यावर पाहुण्याचे उत्तर असे की, हा उपवास स्वप्नाचा आहे. आणि त्याने रव हिस्दा व रव योसेफ यांची वचने पुढे केली. म्हणजे सामान्य उपवास हे उसनवारीने चालणारे देणे आहे आणि स्वप्नाचा उपवास हे रोखीचे देणे आहे. ही भाषा मी बाहेरून आणलेली नाही; उसने घेणे आणि फेडणे हेच शब्द मूळ चर्चेत आहेत.

आता शब्बाथाच्या दिवशी असा उपवास केला तर काय होते? 'बराखोत' प्रकरणात रब्बी एलआझार यांनी रब्बी योसे बेन झिम्रा यांच्या नावे एक वचन सांगितले आहे, आणि माझ्या मते सबंध विषयाची किल्ली त्यात आहे. जो शब्बाथाच्या दिवशी उपवासास बसतो त्याच्याविरुद्ध ठरलेला ७० वर्षांचा हुकूम फाडून टाकण्यात येतो. आणि असे असूनही शब्बाथाचा आनंद बुडविल्याबद्दल त्याच्याकडून वसुली होतेच. या वचनाचे दोन अर्धभाग एकमेकांशेजारी ठेवून पाहावे. पहिल्या अर्ध्यात उपवासाचे सामर्थ्य परमावधीस नेले आहे. घरातील सर्व माणसे जेवत असता, दिवाणखान्यात शब्बाथाचे दिवे लावलेले असता, गाणी चालली असता जो माणूस मनातील भीतीमुळे घास तोंडात घालू शकत नाही, त्याचे दुःख इतर दिवसांच्या उपवासाहून कितीतरी तीव्र, आणि म्हणून त्याची याचनाही तितकीच प्रभावी, असा विचार त्यामागे असावा असे मला वाटते. दुसऱ्या अर्ध्यात, एवढी मोठी सिद्धी प्राप्त झाली म्हणून ज्या मार्गाने ती मिळाली त्या मार्गातील दोष धुऊन निघाला, असे मानण्यास शास्त्र साफ नकार देते. हुकूम फाटला ही जमेची बाजू झाली; आनंद बुडाला ही खर्चाची बाजू झाली; आणि दोन्ही रकमा वहीत आपापल्या जागी राहिल्या.

पुष्कळ धर्मशास्त्रांत आणि बहुतेक दिवाणी कायद्यांत सुद्धा, एखाद्या कृतीस परवानगी दिली की तिच्याबद्दलची जबाबदारी संपते, असा संकेत असतो. येथे तसे नाही. उपवासाची मुभा खरी आहे, ती घेणारा गुन्हेगार नाही. तथापि त्याने काही तरी मोडले आहे, आणि जे मोडले त्याची भरपाई त्यालाच केली पाहिजे. मग ती कशी करावी, या प्रश्नाला चौथ्या शतकातील रव नहमान बर यित्झहाक यांनी उत्तर दिले: त्याने उपवासाबद्दल उपवास करावा. पहिल्या उपवासाने भीतीचे निवारण होते, दुसऱ्याने पहिल्या उपवासाचे. भोजनाचा आनंद बुडविल्याबद्दल दुसऱ्या दिवशी दुप्पट भोजन करावे, असे कोणी म्हटले नाही. गेलेला शब्बाथ परत येत नाही, त्याचे जेवण रविवारी जेवता येत नाही, म्हणून जो आनंद हरवला त्याच्या जागी केवळ प्रायश्चित्तच ठेवता येते, हा त्यातील अभिप्राय दिसतो.

बाराव्या शतकात कैरोजवळ राहून लिहिणाऱ्या मोशे बेन मैमोन यांनी, ज्यांना युरोप मैमोनिदिस म्हणून ओळखतो, आपल्या 'मिश्ने तोरा' या संहितेतील उपवासांच्या प्रकरणात हा नियम घेतला. परंतु त्याला त्यांनी आपल्या स्वभावानुसार वेगळे वळण दिले. भुसा आणि अग्नी यांचा दृष्टान्त बाजूस ठेवून त्यांनी लिहिले की, वाईट स्वप्न पाहणाऱ्याने दुसऱ्या दिवशी उपवास करावा तो अशासाठी की, त्याने जागे व्हावे, आपल्या वागणुकीची झडती घ्यावी आणि पश्चात्ताप करावा. स्वप्नाचा बंदोबस्त करणारी यंत्रणा म्हणून उपवासाकडे न पाहता, स्वप्नाने हलवून जागे केलेल्या माणसाच्या आत्मपरीक्षणाचा अवसर म्हणून त्यांनी त्याकडे पाहिले. शब्बाथावरील उपवासास त्यांनीही मान्यता दिली आणि बुडालेल्या आनंदाबद्दल दुसऱ्या दिवशीचा उपवासही कायम ठेवला.

सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी सफेद नगरीत 'शुल्हान आरूख' हा ग्रंथ रचला आणि तो १५६५ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला. त्यावर क्राकूव येथील मोशे इस्सेर्लेस यांनी पोलंड-जर्मनीकडील चालीरीतींच्या टिपा जोडल्या, आणि तेव्हापासून हा जोडग्रंथ यहूदी आचारधर्माचा प्रमाणग्रंथ ठरला. त्याच्या पहिल्या खंडातील २८८ वे कलम आपल्या विषयास वाहिलेले आहे. त्यात प्रथम मध्याह्नाचा नियम, मग अपवाद. ज्याला अन्न बाधते त्याने खाऊ नये, कारण त्याचा आनंद न खाण्यातच आहे. ज्याला रोज उपवास करण्याची सवय जडली असून शब्बाथाच्या दिवशी खाण्याने क्लेश होतात, त्याच्याविषयी, असे काही धर्मशील पुरुष शब्बाथालाही उपवास करीत, अशी नोंद आहे. आणि येथेच इस्सेर्लेस यांची एक टीप येते, जी वाचून त्या कोरड्या समजल्या जाणाऱ्या कायदेपंडिताविषयी माझा आदर फार वाढला: रडल्याने ज्याच्या मनावरचे दुःख हलके होते त्याला शब्बाथाच्या दिवशी रडण्यास परवानगी आहे. आनंद अमुक एका स्वरूपातच घेतला पाहिजे, असा हुकूम त्यांनी काढला नाही; ज्याचा आनंद अश्रूंत आहे त्याला अश्रूंची वाट मोकळी ठेवली.

त्यानंतर स्वप्नाच्या उपवासाचे कलम येते. शब्बाथाच्या दिवशी हा उपवास करण्यास हरकत नाही, मात्र शब्बाथाचा आनंद बुडविल्याबद्दल रविवारी दुसरा उपवास करणे भाग आहे. परंतु करणारा अशक्त असून त्याला लागोपाठ दोन दिवस अन्नावाचून राहणे झेपत नसेल, तर त्याने रविवारी उपवास न करता पुढे सवडीने करावा. रविवारी नवचंद्राचा दिवस किंवा हनुक्कासारखा सण आला तरीही भरपाई पुढेच जाते, कारण एका आनंदाची फेड करताना दुसरा आनंद बुडविणे योग्य नव्हे. येथे पूर्वीची ती उसनवारीची भाषा पुन्हा आठवते. स्वप्नाचे देणे रोखीचे होते, ते एक दिवसही थांबू शकत नव्हते. पण शब्बाथाचे देणे थांबू शकते. भयभीत माणसाकडे भीती तगादा लावते, शब्बाथ लावीत नाही. देणे कायम ठेवावे, पण ते फेडणाऱ्याच्या देहाची शक्ती पाहून मुदत द्यावी, हा विवेक या ओळींत आहे, आणि मला तो शास्त्रकारांच्या पांडित्याहूनही अधिक मोलाचा वाटतो.

मुभा देऊन झाल्यावर कारो तिला कुंपण घालू लागतात. काहींचे म्हणणे असे की, एखादे स्वप्न तीन वेळा पडल्याशिवाय शब्बाथाच्या दिवशी उपवास करू नये. दुसऱ्या काहींचे म्हणणे याहून पुढे जाते: आजच्या काळात शब्बाथाच्या दिवशी स्वप्नाचा उपवास मुळीच करू नये, कारण कोणते स्वप्न चांगले आणि कोणते वाईट हे ओळखण्याची विद्या आमच्यापाशी राहिलेली नाही. तथापि प्राचीन ग्रंथांत सांगितलेली काही मोजकी स्वप्ने अशी आहेत की, त्यांच्यासाठी उपवास करावा, अशी लोकांत धारणा आहे. तोराची गुंडाळी जळताना पाहणे, योम किप्पूरचा दिवस त्याच्या समारोपाच्या नइला प्रार्थनेच्या वेळी पाहणे, घराच्या तुळया कोसळताना किंवा आपले दात पडताना पाहणे. पवित्र ग्रंथ, न्यायाचा शेवटचा क्षण, राहते घर आणि स्वतःचे शरीर, यांच्यावर येणारा घाला या यादीत आहे; मनुष्य ज्यांच्या आधारावर उभा असतो त्या बहुतेक गोष्टी तीत आल्या. हे कुंपण घालणारे कारो कोणी शुष्क बुद्धिवादी नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एक अदृश्य स्वर्गीय गुरू आपल्याशी बोलतो अशी त्यांची स्वतःची श्रद्धा होती, आणि त्या संभाषणांची त्यांची रोजनिशी 'मग्गीद मेशारीम' या नावाने उपलब्ध आहे. अशा पुरुषाने स्वप्नाच्या बाबतीत, आम्ही यातले जाणकार नाही, हे मत संहितेत नोंदवावे, यावरून शब्बाथाच्या भोजनाचे वजन त्याच्या मनात किती होते ते कळते.

उपवासावाचून स्वप्नाची भीती घालविण्याचे उपायही तालमुदानेच सांगून ठेवले होते. स्वप्न पाहून ज्याचे मन खिन्न झाले आहे त्याने तीन मित्रांना बोलवावे, आपण चांगले स्वप्न पाहिले असे त्यांच्यापुढे म्हणावे आणि त्यांनी, ते चांगलेच आहे आणि चांगलेच होवो, असे उत्तर द्यावे. या विधीस 'हतावत हलोम', म्हणजे स्वप्नाचे शुभीकरण, म्हणतात. सर्व स्वप्ने अर्थ सांगणाऱ्याच्या तोंडामागून जातात, असे तेथे म्हटले आहे, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ रब्बी बनाआ यांची साक्ष दिली आहे की, यरुशलेमात स्वप्नाचा अर्थ सांगणारे २४ जण होते, आपण एकच स्वप्न त्या चोवीसही जणांना सांगितले, प्रत्येकाने निराळा अर्थ सांगितला आणि ते सर्व अर्थ खरे ठरले. ज्या परंपरेने एका बाजूस भीतीला एवढा अधिकार दिला, तिनेच दुसऱ्या बाजूस तीन मित्रांच्या शुभवचनाला तिच्यावर मात करण्याची शक्ती दिली. नंतरच्या निर्णयकारांचा कल साहजिकच या दुसऱ्या बाजूकडे वळत गेला: स्वप्नाचा उपवास कोणावर बंधनकारक नाही, आणि तो दिवस अध्ययनात, दानात व पश्चात्तापात घालविणे श्रेयस्कर.

शब्बाथाच्या संदर्भात भरपाईची कल्पना उपवासापुरतीच मर्यादित नाही. मंदिर उभे होते तोवर, चुकून निषिद्ध कर्म करून शब्बाथ मोडणाऱ्याने पापार्पण म्हणून पशू आणावयाचा असे. मंदिराच्या विध्वंसानंतर हा मार्ग बंद झाला, पण देणे रद्द झाले नाही, असे त्या काळच्या लोकांस वाटे. रब्बी यिश्माएल बेन एलिशा यांनी एकदा शब्बाथाच्या रात्री दिव्याजवळ वाचताना नकळत दिवा कलता केला, तेव्हा त्यांनी आपल्या वहीत लिहून ठेवले की, अमुक दिवशी आपल्या हातून असे घडले आणि मंदिर पुन्हा बांधले जाईल तेव्हा आपण पुष्ट असे पापार्पण आणू. ज्याची मुदत कोणास सांगता येत नाही असे कर्ज स्वतःच्या नावे स्वतःच्या हाताने लिहून ठेवणारा हा मनुष्य मला त्या युगातील धर्मनिष्ठेचा उत्तम प्रतिनिधी वाटतो. पंधराशे वर्षांनंतर क्राकूवच्या इस्सेर्लेस यांनी २८८ व्या कलमापासून बऱ्याच पुढे, ३३४ व्या कलमाच्या शेवटी, याच देण्याचा व्यवहार्य हिशेब मांडला: चुकून शब्बाथ मोडणाऱ्याने सोमवार-गुरुवार धरून ४० दिवस उपवास करावा, त्या दिवशी मद्य व मांस वर्ज्य करावे आणि पापार्पणाच्या ऐवजी १८ पशीत नाणी दानधर्मास द्यावीत, उपवास झेपत नसेल तर दर दिवसामागे १२ पशीत देऊन त्याची सोडवणूक करून घ्यावी. बाजारपेठेत वावरणाऱ्या समाजाचा हा कायदा आहे, त्याला रकमेत बोलण्याचा संकोच वाटत नाही. आणि त्या रकमेने शेवटी गरिबाच्या घरात धान्य पडते, ही यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाच्या पूर्वार्धाशी जुळणारी गोष्ट आहे.

या दोन भरपायांत एक फरक मात्र आहे. दिवा कलता करणाऱ्याने जे केले ते करावयास नको होते, आणि पुन्हा तशी वेळ आली तर त्याने ते टाळलेच पाहिजे. स्वप्नाने हादरलेल्या माणसाने जे केले ते शास्त्राच्या संमतीने केले. तशीच वेळ पुन्हा आली तर तो पुन्हा तेच करू शकेल, आणि पुन्हा रविवारी त्याची फेड करील. पहिल्याची भरपाई चुकीबद्दल आहे, दुसऱ्याची हानीबद्दल आहे. चूक नसतानाही हानी होऊ शकते आणि तिचे उत्तरदायित्व राहते, हे तत्त्व कायद्याच्या अभ्यासकांना परिचित असेल. उपासनेच्या क्षेत्रात ते इतक्या स्पष्टपणे मांडलेले मी अन्यत्र फारसे पाहिले नाही.

२८८ व्या कलमाचा शेवट स्वप्नांनी होत नाही, आजाऱ्यांनी होतो. ज्याच्या जिवाला त्याच दिवशी धोका आहे अशा रुग्णासाठी शब्बाथाच्या दिवशीही आर्त प्रार्थना करण्यास परवानगी आहे. ज्याचे दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकते त्याच्यासाठी ती नाही. हाच नियम आजही चालू आहे. शनिवारी सकाळी सभास्थानात तोराचे वाचन चालू असता आजाऱ्यांची नावे घेऊन आशीर्वाद मागितला जातो, तेव्हा, आज शब्बाथ आहे म्हणून आक्रोश करावयाचा नाही आणि आरोग्य लवकरच येणार आहे, अशा अर्थाचे शब्द तालमुदातून घेऊन त्या आशीर्वादास जोडलेले असतात.